मी, सासूबाई आणि रबराचा ढोल

६ जानेवारी, सोमवार

बासरी गेली! सतरा जणांना बासरी हवी आणि बासऱ्या चार. चिठ्ठ्या टाकल्या. माझं नशीब ते — चिठ्ठी कोरी.

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सप्टेंबरात आहे. त्यासाठी स्टाफचा स्वतःचा वाद्यवृंद काढायचा, हे खूळ भूल देणाऱ्या डॉक्टरांचं. आम्ही त्यांना पाठीमागे 'गुंगी' म्हणतो. ते पुढे उभे राहून काठी हलवणार. जन्मभर माणसं झोपवली, आता चाळीस जणांना जागं कसं ठेवतात बघू.

"एक्स-रेवाल्या बाई, तुम्ही तालवाद्यं," म्हणाले. म्हणजे जे उरलं ते.

शिकवणार कोण, तर अँब्युलन्सचे ड्रायव्हर! मिशांमुळे सगळे त्यांना मेजर म्हणतात. सैन्यात कधीच नव्हते, तरुणपणी बँडमध्ये होते म्हणे. त्यांनी मला दोन काठ्या दिल्या आणि फळीवर चिकटवलेली रबराची एक चकती.

"ढोल कुठाय?"

"हाच. याला पॅड म्हणतात."

"आणि खरा?"

"खरा मार्चअखेर. आधी हात बसू दे."

शेहेचाळिसाव्या वर्षी रबर बडवायचं. छान!

८ जानेवारी, बुधवार

आज घरी पहिला सराव. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संध्याकाळी सहाला. टप टप टप टप. वीस मिनिटांत मनगटं गेली.

शेजारच्या खोलीत सासूबाई. उठल्या, दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं — तेच जास्त लागतं.

एकोणीस वर्षं आमचं असंच. भांडण नाही, तंटा नाही. "चहा ठेवलाय." "बरं." "गोळी घेतली का?" "घेतली." एवढ्यात दिवस सरतो. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून तर तेवढंही नाही. बाहेर लोक म्हणतात, किती जमतं तुमचं! जमतं कुठलं. आम्ही एकमेकींना धक्का न लावता चालतो, इतकंच.

१४ जानेवारी, मंगळवार

हात दुखतो. नवरा म्हणाला, "खिळे ठोकतेस का भिंतीत?"

२२ जानेवारी, बुधवार

वर्गात आम्ही दोघंच: मी आणि लाँड्रीतले इस्त्रीकाका. त्यांना झांजा मिळाल्यात. चादरीची घडी घालावी तशा ते झांजा मिटतात. आवाजच येत नाही!

मेजर माझ्यामागे उभे राहिले. "बाई, काठी आवळू नका. स्टिअरिंग आवळून धरणारा ड्रायव्हर दहा किलोमीटरमध्ये दमतो. काठी टाकायची. ती स्वतः उडी मारून वर येते. तिला येऊ द्यायचं."

आणि एकदा — एकदाच — ती आली! मी उचलली नव्हती. रबराने परत दिली. मी लहान पोरीसारखी ओरडले. इस्त्रीकाकांनी दचकून झांजा पाडल्या. महिन्यातला त्यांचा पहिला खरा आवाज.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दार उघडलं.

मी पॅडवर उजवा-डावा, उजवा-डावा करत होते. सासूबाई उंबऱ्यात. म्हणाल्या, "डावा लंगडतोय."

"काय?"

"प्रत्येक तिसऱ्या खेपेला डावा हात उशिरा पडतो." आणि गेल्या!

डोक्यात तिडीक गेली. एक काठी धरता येत नाही आणि निघाल्या उंटावरून शेळ्या हाकायला. रागाने फोनवर रेकॉर्ड केलं, ऐकलं.

प्रत्येक तिसऱ्या खेपेला डावा उशिरा पडतो.

जळलं मेलं!

५ फेब्रुवारी, बुधवार

न राहवून विचारलं. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"एकतीस वर्षं काय केलं मी?"

खरंच की! माझ्या लग्नाआधी या घराच्या पुढच्या खोलीत सासूबाईंचा टायपिंगचा वर्ग होता. बारा मशिनं. मी आले तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत होता, पुढे कॉम्प्युटर आले, मशिनं भंगारात गेली. मी कधी विचारलंच नाही त्याबद्दल.

म्हणाल्या, "बारा जणी एकदम टाईप करायच्या. मी पाठ करून खिडकीशी उभी राहायची. कोणाची करंगळी कच्ची आहे, कोण बोटांकडे बघतंय, कोणाला रात्री झोप लागलेली नाही — सगळं आवाजात कळतं. समान पडलं पाहिजे. समान म्हणजे समान."

मग त्यांनी भांडी पुसायचा टॉवेल उचलला आणि माझ्या हातांवर टाकला. "आता वाजव. हाताकडे बघून हात शिकत नाही."

टॉवेलखाली वीस मिनिटं. त्या बोटाने टेबलावर मोजत होत्या. मध्येच, "डावा." पुन्हा, "डावा." शेवटी काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला आज कळलं. एकोणीस वर्षांनी!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेजरांनी नवा धडा दिला. उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा. घोकायला सोपं म्हणून मी वहीत लिहिलं: उडाउउ, डाउडाडा.

सासूबाईंनी वही चष्म्याजवळ नेऊन वाचली. "उडाऊ? घरात एक आहे तेवढा पुरे."

नवरा पलीकडे नव्या बुटांचा खोका उघडत होता. "काय म्हणालीस आई?"

आम्ही दोघी एकदम, "काही नाही!"

एकदम! एका मात्रेवर!

२ मार्च, रविवार

आज परीक्षा होती. मी वाजवायचं आणि त्या बोलणार. "दूध संपलंय का?" मी वाजवत "हो." "प्लंबरला फोन केलास?" "नाही." "का?" — आणि इथे हात थांबले.

"थांबायचं नाही! का ते सांगायचं आणि वाजवत राहायचं."

चौथ्या प्रयत्नात जमलं. प्लंबर, त्याची बायको, गळका नळ, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण — सगळं उडाउउ-डाउडाडावर सांगितलं. सासूबाई हसल्या. तोंड झाकून नाही, मोकळ्या. त्यांच्या डाव्या बाजूला एक दात सोन्याचा आहे. मला माहीत नव्हतं!

नवऱ्याने डोकावून बघितलं आणि परत गेला. घाबरला असावा.

२७ मार्च, गुरुवार

खरा ढोल!! साइड ड्रम म्हणतात त्याला. छोटाच, पण खाली तारा ताणलेल्या. काठी टाकली की तारा थरथरतात आणि आवाज खोलीभर होतो. पहिल्या ठोक्याला मी मागे सरकले. रबराने सगळं पोटात घातलं होतं, हा तर चहाडखोर आहे. एक चूक लपवत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगत बसले. भाजी करपली. तशीच खाल्ली.

११ एप्रिल, शुक्रवार

मेजरांनी विचारलं, "बाई, डावा हात कोणी सुधारला तुमचा? मी तर नाही."

सांगितलं. म्हणाले, "घेऊन या त्यांना."

सासूबाई: "मी? इश्श! मी काय करू तिथे?" आणि साडेचारला बाहेर जायच्या चपला घालून तयार. वर्ग सहाला.

मागच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर. मेजर मोठा ढोल वाजवत होते, उभा, छातीएवढा. आम्हाला चाल दाखवत होते. संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुमचा चौथा ठोका घाई करतो."

इस्त्रीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मेजरांनी पुन्हा वाजवलं. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा एकदा. मग काठी खाली ठेवली. "तीस वर्षं झाली. कोणी सांगितलं नाही मला." आणि खाडकन सलाम ठोकला!

परतताना सासूबाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. चुकतो, पण ऐकतो."

६ मे, मंगळवार

मी विचारलं, "आई, तुम्ही का नाही वाजवत? घ्या ना काठ्या."

"मी शिकवते. वाजवत नाही."

"पण का?"

शेंगा सोलायला घेतल्या. मग सांगितलं. टायपिंगच्या परीक्षेत त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. नोकरीचं पत्र आलं, कचेरीतलं, शिक्का मारलेलं. त्यांचे सासरे म्हणाले, बायका बाहेर कशाला हव्यात, घरातल्या घरात काय ते करा. म्हणून पुढच्या खोलीत वर्ग. "एकतीस वर्षांत चारशे मुली शिकवल्या. सगळ्या कुठे कुठे नोकरीला लागल्या. पत्रं यायची. मी दारापर्यंत जाऊन निरोप द्यायची."

आवाजात रडगाणं नव्हतं. हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "सोल. बोटं मोकळी होतात."

९ जून, सोमवार

आज एक्स-रे मशीन बंद पडलं, म्हणून दुपारीच घरी आले. जिन्यात होते तेव्हा ऐकू आलं.

टपटपटपटप — इतकं सारखं, इतकं मऊ! नळाखाली भांडं भरावं तसं, मध्ये कुठे फट नाही. वाटलं, रेडिओ असेल. दाराशी कान लावला.

माझं पॅड. माझ्या जुन्या काठ्या.

मी दार उघडलं नाही. पायरीवर बसून राहिले, डबा मांडीवर. पंधरा मिनिटं. आधी अंगावर काटा आला. मग — खरं लिहिते, इथे कोण बघतंय — पोटात दुखलं! पाच महिने मी घासतेय, आणि कानामागून आली ती तिखट झाली. तीही बहात्तराव्या वर्षी!

११ जून, बुधवार

दोन दिवस कुढले. आज म्हटलं, बस.

"आई, कधीपासून?"

त्यांनी उगाच डबे हलवले. "काय कधीपासून?"

"आई!"

"फेब्रुवारी," म्हणाल्या. "तू ड्युटीला गेलीस की. आधी मोजायला म्हणून घेतल्या. मग… हात थांबेनात." शाळेतल्या मुलीची चोरी पकडावी तसा चेहरा.

मला हसूच आलं. त्यांनाही. मग आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसलो. पॅड त्यांना दिलं, मी जुनी टेलिफोन डिरेक्टरी घेतली. मी साधी चाल, त्या मध्ये मध्ये भरणार. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी मारली. ठक! ठक! ठक!

सासूबाई न थांबता म्हणाल्या, "बरोबर मात्रेवर मारतोय. वाजव."

३ जुलै, गुरुवार

सगळ्यांची एकत्र पहिली तालीम. नाक कापलं गेलं!

शेवटच्या तुकड्यात साइड ड्रमने छप्पन्न वेळा चार मोजत गप्प उभं राहायचं आणि सत्तावन्नाव्याला आत यायचं. नुसतं मोजायचं! एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार… एकेचाळीसच्या आसपास कोणीतरी शिंकलं. मग मी एकेचाळीसवर होते की एक्कावन्नवर? आले आत. धाडकन. नेमकी बासरी एकटी, हळू, सुरेख चालली होती तिथे.

गुंगींनी काठी खाली केली. "क्ष-किरण विभाग! पेशंट अजून टेबलावर आहे."

चाळीस जण हसले. कान तापले माझे. ढोल खराब आहे, असं पुटपुटले. नाचता येईना अंगण वाकडं.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, मला नाही जमायचं. त्या म्हणाल्या, "आकडे मोजू नकोस. आकडे सगळे सारखे दिसतात, हरवतात. तुला पाठ काय येतं? जे डोळे मिटून दिसतं असं?"

विचार केला. "हाडं," म्हटलं.

"मग हाडं मोज."

एका हातात मनगटासकट सत्तावीस. दोन हातांची चोपन्न. वर दोन्ही खांदे — छप्पन्न! बसलं की नेमकं! मी उडालेच. करंगळीच्या टोकापासून सुरू करायचं, एका हाडावर चार मोजायचे, मनगटातली आठ ओलांडायची, मग दुसरा हात, मग खांदे — आणि आत.

चार वेळा केलं. चारही वेळा बरोबर!

१० जुलै, गुरुवार

तालीम. डावा खांदा, उजवा खांदा, आणि आत! गुंगींनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. इस्त्रीकाकांनी खूश होऊन झांजा वाजवल्या, नको तिथे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मेजर गुंगींना म्हणाले, "यांच्या सासूबाईंना घेऊ या का? माझ्यापेक्षा हात चांगला आहे."

"फक्त स्टाफ," गुंगी म्हणाले. "एकाला घेतलं की सगळ्यांचे मेहुणे येतील."

घरी सांगितलं. सासूबाई: "मला कुठे हवंय!" फार पटकन म्हणाल्या.

३० ऑगस्ट, शनिवार

भांडण. चार दिवस वॉर्ड भरलेला, एकामागून एक फोटो, मी सरावाला बसलेच नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "दोन आठवडे राहिलेत. टायपिंगच्या मुलींना मी घरी पाठवायची अशा वेळी."

मी म्हटलं, "परीक्षा माझी आहे, तुमची नाही."

तोंडातून गेलं. दार लागलं. तसंच, आवाज न करता.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस "चहा ठेवलाय", "बरं." किती भयंकर वाटतं आता! पूर्वी कसं चालायचं मला?

आज पहाटे उठून पॅड मांडलं. जवळ दुसऱ्या काठ्या ठेवल्या. मुद्दाम चुकवत वाजवत बसले. डावा लंगडा, लंगडा, लंगडा.

सात मिनिटं टिकल्या. दार उघडलं. "एवढं वाईट कोणाला मुद्दामच जमतं," म्हणाल्या आणि समोर येऊन बसल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

काल काय झालं! सगळं नीट क्रमाने लिहिते.

कार्यक्रम नव्या इमारतीच्या मोठ्या हॉलमध्ये, पेशंटच्या नातेवाइकांसाठी बांधलाय त्यात. खुर्च्या भरलेल्या, मागे लोक उभे, पेशंट चाकाच्या खुर्च्यांत, काही सलाइनच्या स्टँडसकट. सासूबाई आणि नवरा तिसऱ्या रांगेत. पहिले तीन तुकडे झाले. बरे झाले. इस्त्रीकाकांनी तर झांजा अशा वाजवल्या की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी टोपी धरली!

शेवटचा तुकडा राहिला. छप्पन्नवाला. गुंगी काठी उचलणार, तोच मेजरांच्या खिशातला फोन थरथरला. दुसरी अँब्युलन्स आधीच बाहेर होती. त्यांनी ऐकलं, दोनच शब्द बोलले, आणि मोठ्या ढोलाची काठी माझ्या हातात कोंबली. "बाई, मोठा तुम्ही घ्या. माझे ठोके तुम्हाला पाठ आहेत."

"आणि छोटा?"

तिसऱ्या रांगेकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी वळले तर सासूबाई आधीच उठलेल्या. पर्स मुलाच्या मांडीवर टाकली. "धर." आणि निघाल्या. लोकांचे पाय ओलांडत, "जरा… जरा…" करत.

गुंगी कुजबुजले, "अहो, फक्त स्टाफ —"

मेजर दारातून म्हणाले, "डॉक्टर, पेशंट टेबलावर आहे!" आणि पळाले.

बाहेर सायरन सुरू झाला. गुंगी थांबले. सगळा हॉल थांबला. आवाज लांब जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी ढोलाची उंची एक आटा खाली केली, जणू रोजचंच, आणि डोळे मिटले.

काठी खाली आली.

मोठ्या ढोलाला ठोके कमी असतात, पण चुकला तर लपायला जागा नाही. मी चौथा ठोका धरून ठेवत होते, घाई नको, घाई नको. बासरी आली, गेली. आणि शेजारी सासूबाई गप्प, डोळे मिटलेले, बोटं काठ्यांवर. त्या काय मोजत होत्या कोण जाणे! मी हाडं मोजत होते. उजवं मनगट आलं. डावा खांदा. उजवा खांदा. हात पुढे करून खूण करावी का? त्या बघत तर नाहीत!

आणि त्या आत आल्या.

हळू. इतक्या हळू की आधी वाटलं बाहेर पाऊसच लागला. मग वाढत, वाढत, एकसारखं, कुठे शिवण नाही. पितळी वाद्यं त्यावर चढली, सगळा हॉल त्यावर चढला. मी त्यांच्या पायाखाली ठोके ठेवत गेले, एक एक पायरी ठेवावी तसे. मी हसत होते. वाजवताना हसू नये म्हणतात. मी हसत होते आणि रडत होते आणि मोजत होते, तिन्ही एकदम! त्यांनीच शिकवलं होतं मला, बोलत वाजवायचं.

शेवटचा ठोका दोघींनी मिळून. एकच आवाज झाला.

टाळ्या किती वेळ चालल्या माहीत नाही. नवरा पर्स छातीशी धरून उभा होता, तोंड उघडं. गुंगी खाली वाकून सासूबाईंना म्हणाले, "आपण कोणत्या विभागात?" 

"टायपिंग," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पाणी दे. आणि माझी पर्स आण."

१५ सप्टेंबर, सोमवार

परवा मेजरांनी आणलेला पेशंट आज प्लास्टरनंतरच्या फोटोला माझ्याकडे. छपरावरून पडलेला रंगारी, नडगी मोडलेली. फोटो काढताना म्हणाला, "परवा स्ट्रेचरवरून नेताना काहीतरी वाजत होतं. इतकं भारी की क्षणभर पाय दुखायचा थांबला."

"ते आम्ही!" म्हटलं. "हलू नका. श्वास रोखा."

२२ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी एक बाई घरी आल्या. अंध मुलींच्या निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा गाडीने दोन तासांवर. त्यांची बहीण आमच्याकडे नर्स आहे, म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये होत्या.

सासूबाईंना म्हणाल्या, "आमच्याकडे सहा ढोल खोक्यात पडून आहेत. कोणीतरी भेट दिले. शिकवायला येतात ते म्हणतात, 'माझ्या हाताकडे बघा.' आमच्या मुली कुठे बघणार? तुम्ही डोळे मिटून वाजवत होता. आवारात खोली आहे, जेवणखाण आहे, रीतसर नेमणूक आहे. याल का?"

सासूबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. आवाज झाला. त्यांच्या कपाचा कधी होत नाही.

बाई गेल्यावर नवरा म्हणाला, "या वयात नोकरी? काय कमी आहे तुला इथे? लोक म्हणतील, सुनेने घालवली."

सासूबाई कपबशी उचलून आत गेल्या. लाज वाटते लिहायला. 'नका जाऊ' एवढंच मनात होतं. नवऱ्याच्या आड लपून मी गप्प बसले.

२८ सप्टेंबर, रविवार

सहा दिवस घरात तो विषय नाही. सराव नाही. पॅड कपाटावर ठेवून दिलंय त्यांनी.

आज नवरा बूट पॉलिश करत बसला होता. त्याच्यासमोर जाऊन बसले. "अहो, आईंनी कधी सांगितलं होतं का तुम्हाला, तुमच्या आजोबांनी त्यांची नोकरी अडवली ते?"

"कोणती नोकरी?"

त्याला माहीतच नव्हतं! सगळं सांगितलं. जिल्ह्यात पहिली, शिक्क्याचं पत्र, दारापर्यंत जाऊन दिलेले चारशे निरोप. बुटावरचा ब्रश हळू झाला.

"मलाही त्या इथेच हव्यात," म्हटलं. "तुमच्यापेक्षा जास्त. पण आपण दोघं मिळून आजोबाच झालोत."

तो एकच बूट कितीतरी वेळ घासत राहिला. मग उठून आईच्या दारावर टकटक केली. आत गेला. दार उघडंच ठेवलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारी निघतात. बॅग मी भरली, बूट सोडून सगळं विसरणारा नवरा त्यांना पोचवायला जाणार आहे.

मी म्हटलं, "घर खायला उठेल, आई."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या, "दर शनिवारी यायचं तिकडे. बाईंशी बोलून ठेवलंय मी. सोळा मुली आहेत, मला एकटीला आवरायच्या नाहीत."

"मी येऊन काय करू?"

"शिकवशील. दुसरं काय?"